महिला दिनाला ॲग्नेस मॅकफेलवर बोलायचंय? मग असं करा

८ मार्च जवळ आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तीन मेसेज फिरायला लागतात, साडीचा रंग कुठला ठरला, पैठणीचा खेळ कोण घेणार आणि ‘कर्तृत्ववान महिला’ यावर दहा मिनिटं कोण बोलणार. पहिल्या दोन्हीला धडाधड रिप्लाय येतात, तिसऱ्याला नुसते अंगठे. मग ऐन वेळी कोणाच्या तरी नववीतल्या मुलीला पकडून नेटवरचं एक पान वाचायला लावतात आणि ते वाचून होईपर्यंत मागच्या रांगेत वेफर्सच्या प्लेटा फिरायला सुरुवात झालेली असते. तर ज्या कोणाच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये आम्ही ॲग्नेस मॅकफेल हा विषय घेतला होता, लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं, नंतर वादही घातला, म्हणून म्हटलं पद्धत सांगून ठेवू.

कॅनडाच्या संसदेवर निवडून आलेली ही पहिली बाई. आता कॅनडाच का, तर तुमच्या बिल्डिंगमध्ये वर जाऊन बेल वाजवा, चार घरं सोडून एकाचा तरी मुलगा किंवा सून ब्रॅम्प्टन नाहीतर मिसिसागाला असतेच, आणि त्या आजी-आजोबांना कॅनडाची थंडी, तिथला किराणा, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी, यातलं सगळं माहीत असतं फक्त तिथला इतिहास माहीत नसतो. दुसरं कारण म्हणजे तारीख. ॲग्नेसबाई ज्या संसदेत पहिल्यांदा जाऊन बसल्या तिचं पहिलं अधिवेशन सुरू झालं ८ मार्च १९२२ ला. तेव्हा तिथे कोणी महिला दिनाचा विचार करून ही तारीख ठरवलेली नव्हती, निव्वळ योगायोग, पण सुरुवातीला हे एक वाक्य टाकलंत की मोबाइलमधली डोकी वर येतात, गॅरंटी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘पहिली महिला खासदार’ हे एका वाक्यात सांगून टाका आणि पुढे जा. नव्वद टक्के भाषणं या ‘पहिली’ वरच संपतात, जन्म, शिक्षण, पहिली, मृत्यू, टाळ्या. अहो पहिली झाली ते झालं, त्यानंतर अठरा वर्षांहून जास्त तिथे बसून तिने केलं काय? खरी गोष्ट तिथे आहे. भाषणाचा निम्म्याहून जास्त वेळ त्याला ठेवा.

सुरुवातीचा भाग पटकन उरकायचा. जन्म २४ मार्च १८९०, ओंटारिओ प्रांतातल्या ग्रे काउंटीत, टोरांटोच्या वायव्येला शेतीभातीचा भाग आहे तो. शेतकऱ्याची मुलगी, घर लाकडी ओंडक्यांचं. स्ट्रॅटफर्डला शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं, मग खेड्यापाड्यातल्या शाळांमध्ये शिकवलं, काही काळ पार अल्बर्टापर्यंत गेली. शिकवता शिकवता शेतकऱ्यांच्या चळवळीत आली, युनायटेड फार्मर्स ऑफ ओंटारिओ नावाची संघटना होती, तिच्या सभांतून बोलायला लागली, त्यांच्या पेपरात लिहायला लागली. हे तुम्ही दीड मिनिटात सांगू शकता. एवढंच ठसवा की ही बाई शहरातल्या कुठल्या बड्या घराण्यातली नव्हती, वडील-नवरा पुढारी म्हणून तिकीट मिळालं असलं काही नव्हतं, शेतमालाचे भाव आणि रेल्वेचं भाडं यावर बोलता बोलता ती राजकारणात आली. आपल्याकडच्या लोकांना हे लगेच कळतं, जास्त समजवावं लागत नाही.

मग १९२१ ची निवडणूक. इथे एक छोटी पार्श्वभूमी लागते नाहीतर लोकांना वाटतं की तिथे सगळं आधीपासून छान होतं. कॅनडात बायकांना केंद्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळाला १९१८ ला, त्याच्या आधी १९१७ ला फक्त सैनिकांच्या बायका, आया, बहिणी अशांना दिलेला, कारण सरकारला युद्धासाठी सक्तीच्या भरतीला पाठिंबा हवा होता, म्हणजे तोही हिशोब करूनच. उभं राहायचा हक्क १९१९ ला. आणि ६ डिसेंबर १९२१ ला निवडणूक झाली तेव्हा ॲग्नेस मॅकफेल साउथईस्ट ग्रे मतदारसंघातून निवडून आल्या. वय ३१. उमेदवारी जाहीर झाल्यावर त्यांच्याच भागातल्या लोकांनी आरडाओरडा केला की बाई नको, आणि नुसतं ‘बाई नको’ हे थांबवायलाच त्यांचे दोन महिने प्रचारात गेले असं त्यांनी नंतर सांगितलंय. त्यांचं म्हणणं, मी बाई असल्यामुळे नाही, बाई असूनही निवडून आले.

इथे आपल्याकडचं एक जोडा. त्याच १९२१ साली आपल्या मुंबई इलाख्याच्या कौन्सिलने बायकांना मताधिकार दिला, अर्थात मालमत्तेच्या अटीवर, सगळ्यांना नाही. निवडणुकीला उभं राहायची मुभा १९२६ ला, आणि त्या वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय मद्रासच्या कौन्सिलसाठी उभ्या राहिल्या आणि थोडक्यात हरल्या. ही माहिती टाकल्याने श्रोत्यांना आपलं आणि त्यांचं एकाच वेळी चाललं होतं हे दिसतं, नाहीतर परदेशातली बाई म्हणजे कायम आपल्यापुढे असंच डोक्यात बसतं. यावर अजून वाचायचं असेल तर स्टेशनजवळ मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, १८९३ सालची संस्था, तिथे जाऊन स्त्री-चळवळीवरचं कपाट विचारा, नेटपेक्षा बरं मिळतं.

आता खुर्च्यांचा प्रकार. हा माझा आवडता भाग आणि हा नक्की करा. क्लबहाउसमध्ये समोर वीस-पंचवीस खुर्च्या मांडा आणि त्यावर सोसायटीतले सगळे पुरुष बसवा, सेक्रेटरी काका, खजिनदार, जिममधली पोरं, जे येतील ते. मधोमध एक खुर्ची रिकामी ठेवून तिथे एका बाईला बसवा. मग सांगा की त्या सभागृहात २३५ जागा होत्या आणि बाई ही एकच. दोन मुलांना वही-पेन देऊन पत्रकार करा. बाईंनी उभं राहून एक गंभीर वाक्य बोलायचं, उदाहरणार्थ गव्हाच्या भावावर, आणि पत्रकारांनी विचारायचं की मॅडम, हा ड्रेस कुठून घेतला, आज टोपी नाही घातली का. हसू येतं. पण हे खरंच असं होत होतं, पेपरवाले त्यांच्या कपड्यांवर रकाने भरायचे, आणि संसदेच्या उपाहारगृहात सगळे टक लावून बघतात म्हणून त्या बाहेर जाऊन जेवायच्या. आमच्याकडे जी काकू मधल्या खुर्चीत बसली होती तिला रिहर्सलला काही वाटलं नव्हतं, प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र दोन्ही बाजूंनी पुरुष बसल्यावर तिने पदर दोनदा सारखा केला आणि आवाज एकदम खाली गेला, मग मागून तिच्या सुनेनेच ओरडून सांगितलं, “आई, जोरात बोला!” तो क्षण स्क्रिप्टमध्ये नव्हता पण सगळ्या कार्यक्रमात लोकांना तोच लक्षात राहिला. पुरुष लाजतात, बसायला तयार होत नाहीत, तर त्यांना चहा आधी द्या.

आणि मग आकडा सांगा. ही खुर्ची अशी एकटी किती वर्षं राहिली? १९३५ पर्यंत. तेव्हा युकॉनमधून मार्था ब्लॅक निवडून आल्या, त्या दुसऱ्या. म्हणजे जवळजवळ चौदा वर्षं एकच बाई. पहिली येऊन गेली म्हणजे दार उघडलं असं नसतं हे इथे आपोआप कळतं, तुम्ही वेगळं सांगायची गरज नाही, आकडा सांगून थोडं थांबा.

त्यानंतर कामाचा भाग. यात सगळं कोंबू नका, तीन गोष्टी पुरतात, बाकीच्या तुमच्याकडे राखीव ठेवा.

पहिली, समान हक्क. १९२५ ला घटस्फोटाच्या कायद्यावर चर्चा चालू होती. त्याआधी पश्चिमेकडच्या काही प्रांतांत नवऱ्याला बायकोच्या व्यभिचारावरून घटस्फोट मिळायचा पण बायकोला तेवढं एक कारण पुरायचं नाही. तर दोघांना सारखं करा या बाजूने त्या बोलल्या. त्यांचं म्हणणं साधारण असं, पुरुष बाईला घरातली देवदूत म्हणतात तेव्हा मी मनातल्या मनात खांदे उडवते, मला कुठल्याच घरची देवदूत व्हायचं नाही, मला माझ्यासाठी आणि बाकीच्या बायकांसाठी पूर्ण समानता हवी, ती मिळाली की मग बाया-पुरुषांनी पाळीपाळीने देवदूत व्हावं. हे वाचताना ‘देवदूत’च्या जागी ‘गृहलक्ष्मी’ टाकून बघा, हॉलमध्ये काय होतं ते. आमच्याकडे बी विंगमधल्या एक आजी जोरात “बरोबर आहे!” म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसलेले आजोबा छताकडे बघायला लागले. हे वाक्य पाठ करा, कागदावरून वाचू नका, वाचलं की मजा जाते.

दुसरी, तुरुंग. हा भाग बहुतेक जण गाळतात कारण महिला दिनाला तुरुंग कशाला असं वाटतं. गाळू नका. उलट ठाण्यात तर हा सगळ्यात जवळचा वाटतो, सेंट्रल जेलची ती उंच भिंत आपण रिक्षातून शंभर वेळा बघितलेली असते, जुन्या किल्ल्यात आहे ते जेल, आणि आत काय चालतं याचा विचार आपण कधी केलेला नसतो. ॲग्नेसबाईंनी केला. कॅनडातल्या किंग्स्टनच्या तुरुंगात १९३२ ला मोठा दंगा झाला, कैद्यांना मारहाण, कोंडून ठेवणं, कामधंदा काही शिकवायचा नाही, अशी अवस्था. या विषयात लक्ष घातल्याबद्दल सभागृहात त्यांची टिंगल व्हायची. तुरुंग बघायला गेल्या तर दारावर सांगितलं, इथे लेडीजना परवानगी नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, मी लेडी नाही, मी खासदार आहे, असा किस्सा सांगतात. (किस्सा म्हणूनच सांगा हां, तारीख-वार चिकटवू नका.) शेवटी १९३६ ला सरकारने तुरुंगांच्या चौकशीसाठी आर्शांबो आयोग नेमला, १९३८ ला त्याचा अहवाल आला, ८८ शिफारशी, आणि मुख्य सूर हा की नुसती शिक्षा नको, माणूस बाहेर आल्यावर सरळ जगेल असं काहीतरी करा. मग लगेच दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि बरंचसं रखडलं. रखडलं हेही सांगा. लोकांना वाटतं आयोग आला म्हणजे काम झालं, आपल्याला तर आयोगांचं चांगलंच माहीत आहे.

तिसरी, युद्ध आणि शांतता. १९२९ ला त्या लीग ऑफ नेशन्समध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या देशांच्या संघटनेत, जिनिव्हाला कॅनडाच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. अशा ठिकाणी बाईला कुठल्या समितीत टाकतात, तर बायका-मुलांच्या प्रश्नांच्या. त्यांनी सांगितलं मी निःशस्त्रीकरणाच्या समितीत बसणार, आणि बसल्या. इथे ऑफिसला जाणाऱ्या बायका लगेच माना डोलावतात कारण टीममध्ये वाढदिवसाचा केक आणायचं काम कोणाकडे येतं ते प्रत्येकीला माहीत असतं. शाळांमधल्या कॅडेट ट्रेनिंगला, म्हणजे मुलांच्या लष्करी कवायतीला, सरकारने पैसे देऊ नयेत असंही त्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या. यावर एनसीसीवाली मंडळी भडकतात, भडकू द्या. पण पुढचं पण सांगा, १९३९ ला कॅनडा युद्धात उतरायचा प्रश्न आला तेव्हा एवढ्या शांततावादी बाईने जड मनाने का होईना युद्धाच्या बाजूने मत दिलं. हे लपवलंत तर तुम्ही फोटोला हार घालताय, माणसाबद्दल बोलत नाहीये.

१९४० ला त्या हरल्या. पाच निवडणुका जिंकून मग हरल्या, आणि हरल्यावर पोटापाण्यासाठी लिखाण, भाषणं असं करावं लागलं. तीन वर्षांनी, १९४३ ला, यॉर्क ईस्टमधून सीसीएफ या शेतकरी-कामगारांच्या समाजवादी पक्षाकडून ओंटारिओच्या विधानसभेत गेल्या, तिथे त्या आणि रे लकॉक अशा दोघी पहिल्या बायका. १९४५ ला पुन्हा हार, १९४८ ला पुन्हा जिंकल्या. १९५१ ला ओंटारिओने समान कामाला समान पगाराचा कायदा केला, कॅनडातला अशा प्रकारचा पहिला, त्यामागे त्यांचा रेटा होता. आणि त्याच वर्षी निवडणुकीत परत पडल्या. १३ फेब्रुवारी १९५४ ला टोरांटोत गेल्या, तेव्हा त्यांना सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, घेणार अशी चर्चा चालू होती. हा सगळा उतार-चढ दोन मिनिटांत सांगा, पण सांगा. नगरसेवकाची एक टर्म हरली की माणूस संपला असं आपण धरून चालतो ना, म्हणून.

स्लाइड्सबद्दल थोडं. जास्त नको, चार पुरेत. एक त्यांचा फोटो, कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर जुने फोटो मिळतात. एक नकाशा, टोरांटो आणि ग्रे काउंटी दाखवणारा, म्हणजे ब्रॅम्प्टनवाले आजोबा खुश. एक ते देवदूताचं वाक्य मोठ्या अक्षरात. आणि एक दहा डॉलरची नोट, २०१७ ला कॅनडाच्या दीडशे वर्षांनिमित्त काढलेली, तिच्यावर चार चेहरे आहेत, पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड, त्यांचे साथीदार पुढारी जॉर्ज-एतिएन कार्तिए, ॲग्नेस मॅकफेल आणि जेम्स ग्लॅडस्टोन. बघा कोणाच्या मुलाने ती नोट पाठवलीय का, ग्रुपवर विचारा, खरी नोट हातोहात फिरवली तर स्लाइडपेक्षा दसपट बरं. प्रोजेक्टर सोसायटीचा असेल तर आदल्या दिवशी लावून बघा, वायर नेहमी कोणीतरी गणपतीला नेलेली असते आणि ती परत आलेली नसते. मराठी फॉन्ट उडाले तर स्लाइडचा फोटो काढून तोच टाका.

वेळ पंधरा मिनिटं धरा, खुर्च्यांसकट. पैठणीच्या खेळाच्या आधी घ्या, नंतर घेतलंत तर कोणी थांबत नाही, ज्यांना पैठणी मिळाली त्या फोटो काढायला जातात आणि ज्यांना नाही मिळाली त्या घरी. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलीला तयार करत असाल तर तीन मिनिटांत खुर्ची, देवदूत आणि तुरुंगाचं दार एवढंच घ्या, सनावळी दोनच ठेवा, १९२१ आणि १९३५. ‘स्त्री ही अनंत काळाची माता’ छाप सुरुवात तेवढी काढून टाका, परीक्षकांनी ती त्या दिवशी आठ वेळा ऐकलेली असते.

प्रश्नांची तयारी. तीन प्रश्न हमखास येतात. एक, लग्न झालं होतं का. नाही, केलं नाही. एवढंच उत्तर द्या आणि पुढचा प्रश्न घ्या, नाहीतर अर्धा तास तिथेच जाईल. दोन, पक्ष कुठला. प्रोग्रेसिव्ह म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजूचा, पुढे सीसीएफ, आपल्याकडच्या कुठल्याही पक्षाशी जुळवायचा प्रयत्न करू नका, हॉलमध्ये भांडण लागेल आणि पुढच्या वर्षी क्लबहाउस मिळणार नाही.

तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही तर तुम्हीच काढा: मग तेव्हा आपल्या लोकांना तिथे मत होतं का? कारण १९१८ ला ‘बायकांना’ मत मिळालं म्हणतात ते सगळ्या बायकांना नव्हतं. ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या पंजाबी आणि बाकी हिंदुस्थानी लोकांना, बाया-पुरुष दोघांनाही, १९४७ पर्यंत मत नव्हतं. १९१४ ला कोमागाता मारू जहाज ३७६ हिंदुस्थानी माणसं घेऊन व्हँकुव्हरला गेलं आणि बहुतेकांना उतरूच दिलं नाही, तोच प्रांत. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी ज्यांची सरकारदरबारी इंडियन म्हणून नोंद होती त्यांना आपला दर्जा न सोडता केंद्रात मत द्यायला १९६० उजाडावं लागलं. आणि क्युबेकच्या बायकांना त्यांच्या प्रांतिक निवडणुकीत १९४० ला. म्हणजे ॲग्नेसबाई संसदेत बसल्या तेव्हा व्हँकुव्हरमधल्या एखाद्या पंजाबी बाईला त्यांना किंवा कोणालाच मत देता आलं नसतं. नोटेवर त्यांच्या शेजारी जो जेम्स ग्लॅडस्टोनचा चेहरा आहे ते इंडियन म्हणून नोंद असलेले कॅनडाचे पहिले सिनेटर, १९५८ ला नेमले, तेव्हासुद्धा त्यांच्या समाजातल्या बहुतेकांना केंद्रात मत नव्हतं. नोट हातात असेल तर हे तिथेच बोट ठेवून दाखवा.

इथे लोक स्वतःहून बोलायला लागतात, कोणाचा भाचा व्हँकुव्हरला असतो, कोणाला आपल्या वॉर्डातली महिला-राखीव जागा आणि तिच्या बॅनरवर मोठा असलेला नवऱ्याचा फोटो आठवतो. तेव्हा माइक स्वतःकडे धरून ठेवू नका, फिरवा, आणि ज्यांचा नंबर पैठणीच्या खेळात आहे त्यांना आधी बोलू द्या.